पोळ्यात उभी राहिलेली मोटार

खुशालरावांनी विलायती मोटार घेतली ती बैल घेतात तशी. अकोल्याला मुंबईचा एक व्यापारी भेटला, उपरण्याखाली बोटं दाबून सौदा ठरला, आणि ट्रॅक्टरवर हात बसलेले खुशालराव ती स्वतःच चालवत मोर्शीला आले. स्टिअरिंगचं चाक तेवढं डावीकडे होतं.

"अन् कागदं?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"येतीन मागून. बैल घेताना कागदं पायतो काय मी? माणूस पायतो."

ही हौस नव्हती. रुख्मिणीबाईंना एस्टीत बसलं की मळमळायचं, त्यामुळे हिवरखेडचं माहेर सुटलं होतं. म्हातारी आई निरोपावर निरोप धाडत होती. घरच्या मोटारीत बायकोला त्रास होणार नाही, असं खुशालरावांनी मनाशी पक्कं धरलं होतं. पोळा झाला की निघायचं ठरलं.

पण पोळ्याला दावणीचं सगळं सजतं. खुशालरावांनी मोटारीला गेरूचे ठिपके दिले, समोर बेगड बांधली आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत नेऊन उभी केली. गावानं तोंडभरून कौतुक केलं. शेजारी पाहुणे आलेले बापूसाहेबही कौतुकानं पुढे झाले. ते कस्टमचे अधिकारी निघाले.

"खुशालराव, ही चोरून आणलेली गाडी आहे. जकात भरलेली नाही. जप्त करावी लागेल."

"मले काय ठाऊक साहेब? त्यानं शब्द देल्ला होता."

"तसं लिहितो मी. पण गाडी उद्या अकोल्याला जमा करायची. चालवायची तुम्हीच, मला येत नाही."

सकाळी बापूसाहेब मागे बसले, तर रुख्मिणीबाई गाठोडं घेऊन पुढे बसलेल्या.

"बाई, ही गाडी आता सरकारची झाली."

"होऊ द्या ना. सरकार अकोल्याले चाललं, तं हिवरखेडवरून जाईन. जरासंच वाकडं हाय."

"आईला कधी भेटला होता?"

"धाकटा पोटात होता तवा. आता तो वखर हाकते."

बापूसाहेबांनी मोटारीचं दार ओढून घेतलं. "चला, रस्ता मला कुठे माहीत आहे," ते म्हणाले.

परतवाडा मागे पडला आणि रुख्मिणीबाईंचं बोलणं थांबलं. खुशालरावांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. चेहरा उतरला होता, आणि मुठीत चुरगळलेला संत्र्याचा पाला नाकाशी धरला होता.

"काहून वं? मळमळून राहिलं?"

"नाई जी. एस्टीसारखं नाही हे. लय मस्त चालते."

ज्या सुखासाठी हा सगळा खटाटोप केला, ते या मोटारीत नव्हतंच, आणि ती ते कबूल करणार नव्हती. त्यांनी वेग कमी केला, मग आणखी कमी केला. मागून एक बैलगाडी आली आणि पुढे निघून गेली.

"अहो, जरा हाका की," बापूसाहेब कळवळले. "अंधार पडेल अकोल्याला पोचायला."

"सरकारी माल हाय साहेब," खुशालराव म्हणाले. "जपून न्या लागते."

रुख्मिणीबाईंनी पाला पदराखाली लपवला आणि त्या नवऱ्याकडे पाहून हसल्या.