वेळापत्रकात नसलेला थांबा

आमच्या जिन्यात संध्याकाळी शिट्टी वाजली की नव्या माणसाला वाटतं चोर शिरला. आम्ही मात्र हातातलं भजं तोंडात कोंबून उठतो. शिट्टी पगारेकाकांची असते आणि तिचा अर्थ एकच: पंगत सुटली!

पगारेकाका चौथ्या मजल्यावर राहतात. रेल्वेत गार्ड होते. अख्खी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. "हल्ली त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात ना?" असं आमच्या ह्यांनी एकदा भोळेपणानं विचारलं, तर काका दोन दिवस बोलले नाहीत. रिटायर झाल्यावर नाशिक रोडची माणसं कुंड्यांना पाणी घालतात, नाहीतर सकाळी फिरायला जातात. काकांनी आमची बिल्डिंगच चालवायला घेतली.

फिरती पंगत ही त्यातली कमाल. दर वर्षी डिसेंबरातला एक रविवार. सार नि भजी तळमजल्यावर शिंद्यांकडे, मग भरीत-भाकरी, मग आमटी-भात आणि शेवटी गोड, प्रत्येक वेळी नवं घर, वेगळा मजला. कल्पना खरं तर दुसऱ्या मजल्यावरच्या अहिरे मावशींची. सुमनकाकू, म्हणजे पगारेकाकांच्या मिसेस, गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी ती काढली. पण वेळापत्रक काकांनी केलं आणि तिथेच आमचं स्वातंत्र्य संपलं.

आठवडाभर आधी जिन्याखाली कागद लागतो. "शिंदे: आगमन सात, प्रस्थान सात पंचवीस." खाली दोन नियम. शिट्टी वाजल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि शिट्टी वाजल्यावर कुणी बसायचं नाही.

"काका, एवढी भाकरी संपवते," मी पहिल्या वर्षी म्हणाले.

"ताई, मागे गाडी उभी आहे!"

मागे कुठली गाडी? मागे शिंद्यांचं मांजर होतं.

काका सगळ्यांच्या शेवटी चालतात. माणसं निघाली की घरात एकदा नजर फिरवणार, दिवे घालवणार, दार ओढून घेणार आणि "ऑल राइट!" म्हणून ओरडणार. जेवतातही उभ्या उभ्या, दाराशी. अहिरे मावशी सटाण्याकडच्या. त्या दर वर्षी हाताला धरून ओढतात.

"बठा ना भाऊ, भरीत गरम शे!"

"ड्यूटीवर आहे," काका म्हणतात.

आणि सोमवारी सकाळी त्यांची आणखी एक तऱ्हा. आदल्या दिवशी आम्ही गळ्यापर्यंत जेवलेलो, आणि हे खिरीच्या वाट्या घेऊन दारोदार हजर. "थोडी जास्त झाली." आम्ही खीर खायचो आणि हसायचो. एकटा माणूस, अंदाज येत नाही बिचाऱ्याला, पातेलंभर करून बसतो! खीर मात्र झकास असायची.

तर यंदाची गोष्ट. गोड होतं नेहाकडे. ती काकांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नव्यानंच राहायला आली आहे. सातला खाली उतरताना तिनं दार नुसतं लोटून ठेवलं. गाजरहलवा आत, किल्लीही आत. काका मागून आले आणि सवयीनं त्यांनी दार ओढलं. लॅच बसला. "ऑल राइट!"

पुढचं सगळं वेळेवर पार पडलं. आमटी-भात माझ्याकडे झाला, आठ पंचवीसला शिट्टी झाली, आमची वरात चौथ्या मजल्यावर पोचली आणि नेहानं कपाळावर हात मारला.

"अगंबाई, दार कुणी लावलं?"

सगळ्यांनी मागे बघितलं. काका खालच्या पायरीवर उभे होते. "मी लावलं," ते म्हणाले. "चूक माझी."

किल्लीवाल्याला फोन केला. तो देवळाली कॅम्पात अडकलेला, अर्धा तास तरी लागेल म्हणाला. वीस-बावीस माणसं जिन्यात, त्यात थंडी मरणाची. शिंदे म्हणाले, "जाऊ द्या काका, गोड उद्या खाऊ." काकांचा चेहरा एवढासा झाला. आजवर त्यांची पंगत अर्ध्यात कधी सुटली नव्हती.

शेवटी मावशीच बोलल्या. "भाऊ, तुमचं घर समोरच शे. तठे बठूत ना!"

काका दचकले. "माझ्याकडे? माझ्याकडे थांबा नाही. कागदावर नाही ते." असं म्हणता म्हणता त्यांचा हात मात्र खिशातल्या किल्लीकडे गेला होता.

आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थबकले. हॉलभर सतरंज्या अंथरलेल्या. बुद्धमूर्तीशेजारी सुमनकाकूंच्या फोटोला ताजा हार. सतरंज्यांपुढे ओळीनं वाट्या, चमच्यांसकट. ओट्यावर पातेलंभर खीर, अजून कोमट.

"काका, हे कधी केलंत?"

"दर वर्षी करतो," ते खाली बघत म्हणाले. "सुमनला वाढायची भारी हौस होती. म्हटलं, कुणी म्हणालंच, काका, तुमच्याकडे चला, तर तयारी असावी."

"मग कागदावर लिहायचं ना तुमचं नाव!"

"गार्डानं स्वतःच्या घरापाशी गाडी थांबवायची नसते, ताई. बरं दिसत नाही."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! चार वर्षं आम्ही ह्या माणसाच्या शिट्टीवर उठलो. "तुमच्याकडे कधी?" एवढं एकानंही विचारलं नव्हतं. एकट्या पुरुषाला कशाला त्रास, असं म्हणून मोकळे झालो होतो. आणि सोमवारची ती खीर हसत हसत ओरपत होतो.

मावशींनी पातेलं उचललं. "आते तुम्ही बठा."

काका बसले. आमच्या ओळीत, मांडी घालून. दोन चमचे खाल्ल्यावर आपणहून बोलायला लागले. इगतपुरीच्या अलीकडे गाडी तासन् तास उभी राहायची, डबा मांडीवर उघडायचा, पण बोलायला समोर कुणी नाही. "सुमन डब्यात दोन चमचे द्यायची," ते म्हणाले. "म्हणायची, कुणी आलंच तर असावा."

तेवढ्यात किल्लीवाला आला. समोरचं दार उघडलं. "चला, हलवा!" नेहा म्हणाली. सगळे काकांकडे बघायला लागले. कागदाप्रमाणे पंगत केव्हाच संपायला हवी होती.

काकांनी गळ्यातली शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली आणि वाटी पुढे केली. "अहिरेबाई, अजून अर्धी वाढा."

शिट्टी वाजल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम त्यांचाच. आम्ही बसून राहिलो.