सुभेदाराचं झबलं

सुभेदाराला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा होता आणि चेहऱ्यावर असा भाव, की चिंतामणराव घाट्यांना त्याच्याकडे बघवेना. सुभेदार म्हणजे त्यांचा पिवळा बोका. कॉलनीतली एकही गाडी त्यानं कोरडी ठेवली नव्हती, मारामाऱ्यांत दोन्ही कान फाडून घेतले होते. शेवटी लोकांच्या तक्रारींना कंटाळून त्याचं ऑपरेशन करायचं चिंतामणरावांनीच ठरवलं. "थोडा विचार करा," असं त्यांच्या पत्नी वसुधाबाई म्हणाल्या होत्या. पण फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून चिंतामणराव आधी ठरवत आणि विचार मागाहून करत.

"पाहून राहिला कसा माझ्याकडे," ते म्हणाले. "त्याला सगळं समजलंय."

"त्याला गुंगी आहे," वसुधाबाई म्हणाल्या. "टाक्यांना तोंड लावू द्यायचं नाही, भोंगा काढायचा नाही. डॉक्टरांनी बजावलंय."

सुभेदार भोंग्यासकट दारावर आपटला, मग टेबलाच्या पायावर, मग पाण्याच्या वाटीत भोंगा अडकवून तसाच उभा राहिला. वसुधाबाई भाजी आणायला गेल्या आणि चिंतामणरावांनी भोंगा काढला. "पाच मिनिटं मोकळा श्वास घे बाबा," म्हणाले, आणि पेपर वाचता वाचता त्यांना डुलकी लागली. वसुधाबाई परत आल्या तेव्हा सुभेदार एक पाय आभाळाकडे करून टाके सोडवण्याच्या कामाला लागला होता.

पुन्हा दवाखाना. जखम सुजली होती. डॉक्टर त्यांच्या मुलाच्या, अमेयच्या वयाचा होता, पण त्यानं चिंतामणरावांना शाळेतल्या पोरासारखं झापलं. मग जरा मवाळ होऊन म्हणाला, "अंकल, कॉलर से इतनी तकलीफ है तो कपड़ा पहनाइए. छोटे बच्चों का आता है न, नीचे बटन वाला. पुराना हो तो और अच्छा, मुलायम रहता है."

जुनं, मऊ, तंगड्यांत गुंड्या लागणारं झबलं. घाट्यांच्या घरात तसलं काही नव्हतं. अमेयची झबली केव्हाच वाटून झाली होती, आणि अमेय-यशश्रीच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही नवीन झबल्यांची वेळ आली नव्हती. दर रविवारी हैदराबादला फोन झाला की चिंतामणराव "बाकी काही विशेष?" असं विचारत. तिकडून "नाही बाबा" असं उत्तर येई, आणि फोन यशश्रीकडून अमेयकडे जाई.

ते शेजारच्या सुहासिनीबाईंकडे गेले. त्या एकट्या राहत. त्यांची मुलगी प्रतिमा बंगलोरला होती. घरातली कुठलीही जुनी वस्तू त्या टाकत नसत.

"वहिनी, एखादं जुनं झबलं मिळेल का?"

"झबलं? काहून, भाऊजी?"

आता आली पंचाईत. बोक्याचं नेमकं कसलं ऑपरेशन झालं आणि नेमकं काय झाकायचंय, हे एका बाईमाणसाला सांगायचं कसं? चिंतामणरावांचे कान तापले.

"लागणार आहे घरी," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आत्ताच काही बोलता येत नाही."

सुहासिनीबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. मग आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बदकांची चित्रं असलेलं एक झबलं घेऊन आल्या. डांबरगोळ्यांचा वास येत होता. "पहिल्यांदा जुनंच घालावं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा जड वाटला, पण चिंतामणराव सुटकेच्या आनंदात होते.

वसुधाबाईंनी झबल्याला शेपटीसाठी भोक पाडलं. सुभेदाराला ते घालायला दोघं लागली. दोघांच्याही हातांवर ओरखडे उठले. बदकांच्या झबल्यातला सुभेदार पलंगाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. चिंतामणराव जमिनीवर आडवे होऊन त्याची माफी मागत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुभेदाराला तेवढ्यापुरता भोंगा चढवून झबलं धुतलं आणि अंगणातल्या दोरीवर टाकलं. समोरचे श्यामसुंदर तिवारी फिरायला निघाले होते, ते फाटकापाशी थांबले. "बधाई हो, घाटे जी. दादा बन रहे हैं, और हमें सुहासिनी दीदी से पता चल रहा है."

इथे चिंतामणरावांनी खरं सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण तिवारींनी त्यांना मिठी मारली होती. "दादा" म्हणजे आजोबा, हा शब्द कुणी त्यांच्यासाठी पहिल्यांदाच वापरला होता, आणि तो कानाला फार बरा वाटला. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग तिवारी मिठाई मागू लागले, म्हणून दोघं तिवारींच्या स्कूटरवरून ओमतीच्या बाजारात गेले. तिथे त्यांनी तिवारींना खोव्याची जलेबी खिलवली, दुकानात भेटलेल्या फॅक्टरीतल्या दोघा जुन्या सोबत्यांनाही खिलवली, आणि वरून घरी बांधून घेतली.

"जलेबी कशाची?" वसुधाबाईंनी विचारलं.

"अशीच. सुभेदाराची तब्येत सुधारून राहिली ना."

तेवढ्यात सुहासिनीबाई डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवून गेल्या, "हैदराबादला पाठवा" म्हणाल्या. मग महिला मंडळातल्या बायकांचे फोन सुरू झाले. वसुधाबाई एकेकीला "नाही हो, तसं काही नाही" म्हणत होत्या, आणि पलीकडून एकेक जण म्हणत होती, "बरोबर आहे. तीन महिने सांगूच नये."

संध्याकाळी अमेयचा फोन आला. रविवार नव्हता.

"बाबा, ये क्या चल रहा है?" त्याचा आवाज थंड होता. "यशश्रीच्या आईला तुमच्या मंडळातल्या कोणी तरी कळवलं, त्यांचा नागपूरवरून फोन आला. रडून राहिल्या त्या, की सासरी आधी सांगितलं, मला नाही. यशश्री दुपारपासून खोलीत बसून आहे."

चिंतामणरावांनी सगळं सांगितलं. भोंगा, झबलं, तिवारी. जलेबीपाशी येताना त्यांचा आवाज पार बसला. मग फोन यशश्रीनं घेतला.

"बाबा, मी तुमच्यावर रागावली नाही," ती म्हणाली. "पण आता सांगूनच टाकते. आम्हाला मूल नकोय. दोघांनाही. केव्हाचं ठरलंय. तुम्ही दर रविवारी विचारता ना, त्या वेळी मला दुसऱ्या खोलीत जावं लागते."

"आता नाही विचारणार," चिंतामणराव म्हणाले. मग जरा थांबून, "जेवली का तू?" असं विचारलं.

"जेवते," ती म्हणाली. फोन तिनं लगेच ठेवला नाही.

नंतर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. वसुधाबाई वरण घोटत होत्या.

"तुला माहीत होतं?"

"मागच्या दिवाळीपासून."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही ऐकून घेतलं असतं?"

चिंतामणरावांनी विचार केला. या वेळी खरंच केला. मग चपला घातल्या आणि सुहासिनीबाईंकडे गेले.

"वहिनी, झबलं बोक्यासाठी होतं," ते दारातच म्हणाले. "त्याचं ते ऑपरेशन झालं. मला बोलायची लाज वाटली. अमेयकडे काही नाही आणि होणारही नाही. त्यांना नकोय. तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांना हेही सांगा. तिवारींकडे मी जातो." एवढं बोलून त्यांना धाप लागली. "आणि झबल्याला शेपटीचं भोक पाडलंय. माफ करा."

आता या हसतील, निदान रागावतील तरी, असं त्यांना वाटलं. सुहासिनीबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "प्रतिमाच्या बाळासाठी ठेवलं होतं. तिचंही तुमच्या अमेयसारखंच आहे, भाऊजी. मागेच सांगितलं तिनं. मी कोणाजवळ बोलली नाही. तुमच्याकडचं ऐकलं तर वाटलं, चला, कॉलनीत कोणाकडे तरी."

समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"जेवायला चला आमच्याकडे," चिंतामणराव म्हणाले. "वरण-भात आहे."

"येते. पण प्रतिमाचं वसुधाजवळ बोलू नका हं."

चिंतामणरावांनी चपलेत पाय सरकवला.

"नाही बोलत," ते म्हणाले. "पण तिला माहीत असेल."