पंधरा ओळींचा मुलगा

बाबांना उत्तरं द्यायचं काम मी एक लायब्ररी वापरून कोडच्या पंधरा ओळींत संपवलं, असं ऑफिसात मी छाती फुगवून सांगत असे. आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे पुस्तकं नव्हेत, तयार कोडचा संच. त्यात एआय मॉडेलला द्यायच्या सूचनेचा एक साचा लिहायचा. रिकाम्या जागी बाबांचा निरोप आपोआप भरला जातो आणि मॉडेल माझ्या वतीने उत्तर धाडतं. बाबा दिवसाला सात-आठ निरोप पाठवत. आई गेल्यापासून त्यांना बोलायला कोणी नव्हतं. मलाही नव्हतं, पण मला निदान काम होतं.

दोन महिने सगळं बिनबोभाट चाललं. मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात घामाघूम टेम्पोवाला.

"कपाट कुठं ठेवू?"

"कुठलं कपाट?"

त्याच्यामागून बाबा आले, एकेका पायरीवर थांबत, काखेत उशी.

"अरे, कपाट आणू का विचारलं, तर तूच लिहिलंस, जरूर आणा म्हणून. मग विचारलं, मीच येऊ का राहायला? तर म्हणालास, वाटच बघतोय. खोली सोडून आलो."

तेवढ्यात टेम्पोवाल्याने कपाट दारात रेटलं आणि ते बुचासारखं घट्ट बसलं. मी आत, बाबा बाहेर. पुढचं भाडं आहे म्हणून टेम्पोवाला निघून गेला.

कपाटाआड माणूस दिसत नाही, त्यामुळे खरं बोलायला सोपं जातं.

"बाबा, ती उत्तरं मी लिहीत नव्हतो. प्रोग्राम लिहायचा."

"रोज गुडघ्याचं विचारायचा, तो?"

"हो."

"आणि राहायला या, हेही त्याचंच?"

"मी साच्यात लिहिलं होतं, बाबांना कशालाच नाही म्हणायचं नाही. वाद नको म्हणून."

बाहेर पायरीवर चप्पल वाजली. मला वाटलं, गेले. मी कपाट दोन्ही हातांनी धरून उभा होतो, जणू तेच निघून जाणार होतं.

"बाबा, जाऊ नका."

"जातो कुठं? खोली सोडली, सांगितलं ना." मग ते म्हणाले, "राहू का मग? आता तुला विचारतोय."

"राहा."

"मग कपाट तुझ्याकडून उचल आणि तिरकं कर. नुसता उभा राहू नकोस."

तासभर झटापट झाली. दाराच्या चौकटीचा रंग गेला, माझं बोट चेंगरलं, पण कपाट आत आलं. घरात खुर्ची एकच, तिच्यावर बाबा बसले. मी जमिनीवर. दोन महिन्यांत त्यांच्याशी काय काय बोलणं झालं, हे मला काहीच माहीत नव्हतं. कुठून तरी सुरुवात करायला हवी होती.

"गुडघा कसा आहे?"

"कुठला?"

मी अंदाजाने डावा म्हणालो. उजवा होता.