मांचू राजपुत्राचा मार

दिवाळी झाली की गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा भरते. मंडईला नाटक लागतं, नाटकाला गावोगावचे पाहुणे येतात आणि पाहुण्यांत सोयरिकी जुळतात. त्यामुळे नाटकात कोणाला कोणतं काम मिळतं, हा आमच्याकडे कलेचा नव्हे, लग्नाचा प्रश्न असतो. त्या साली प्रश्न लटारूचा होता. राजुऱ्याची रंभा त्याच्या मनात भरली होती, आणि तिचे वडील इतवारीभाऊ पोरगा बघायला नाटकालाच येणार होते.

ते दिवस हिंदी-चिनी भाईभाईचे. म्हणून मुखरू मास्तरांनी नाटक लिहिलं ते चीनच्या मांचू राजपुत्रावर. हा राजपुत्र पहाटे उठून धडे गिरवतो, धनुष्य ताणतो, सख्ख्या आईला भेटायलाही परवानगी काढतो. त्याला उपाशी ठेवता येतं, पण मारता येत नाही. तो चुकला, की त्याच्यासोबत शिकायला ठेवलेल्या सवंगड्याला छडी! हे ऐकून नाटक कमिटी फार हळहळली. काय रानटी लोक, म्हणाली.

राजपुत्राचं काम लटारूचंच होतं. पण पडदे गावचे जमीनदार नानाजी मालगुजारांचे. मालगुजारी कायद्यानं गेली होती. नानाजींना ते सांगायला मात्र कोणी गेलं नव्हतं. राजपुत्र झाले त्यांचे चिरंजीव, वय एकतीस. लटारू झाला सवंगडी.

तालमीत चिरंजीव पहिल्याच वाक्याला अडखळले. मास्तरांची छडी उठली, आणि नानाजींकडे नजर जाताच हवेतच थांबली. आता उठलेली छडी कुठंतरी पडायला हवी. ती लटारूच्या हातावर पडली.

"मास्तर, मले काऊन?"

"चीनमंदी असंच असते बाबू."

कमिटीनं लगेच ठराव केला : 'वास्तवतेच्या दृष्टीने सदर पद्धत तालमीतही लागू राहील.' मग चिरंजीव उशिरा आले, छडी लटारूला. चिरंजीवांच्या पायात दोरी अडकून पडदा फाटला, छडी लटारूला. नानाजींच्या घरून आलेला चहा पांचट निघाला, तेव्हा तर लटारूनं कोणी न सांगताच हात पुढे केला.

नाटकाच्या दिवशी चिरंजीवांना मुकुट तेवढा आठवला, भाषण नाही. लटारूचे तळवे पुरीसारखे फुगले. लोक टाळ्या पिटत ओरडले, "वन्स मोअर!" चिरंजीव आनंदानं पुन्हा चुकले.

पडदा पडल्यावर इतवारीभाऊ आत आले, मागं रंभा. नानाजी मिशीवरून हात फिरवत बाजूलाच उभे.

"लटारू, खरं सांग. चूक कोनाची होती?"

लटारूनं रंभेकडे पाहिलं. मग नानाजींकडे पाहिलं.

"माहीच होती, मामाजी."

"पसंत!" इतवारीभाऊंनी त्याला मिठीच मारली. "असा जवाई शोधून सापडत नाई. घरजवाई करून ठेवतो. आपल्या घरी चुका का कमी होतात?"

"अन् मले इचारलं का कोनी?" रंभा कडाडली. "जो स्वतःसाठी तोंड उघडत नाई, तो माह्यासाठी काय उघडन?"

"पोरगी बापाले उलटून बोलून राह्यली!" इतवारीभाऊ लालबुंद झाले.

लटारूनं हात पुढे केला.

लग्न झालं. लटारू सासऱ्याच्या घरी सुखात आहे, आणि खरंच सुखात आहे, याचंच मला वाईट वाटतं.

हसलात? हसा की. पण परवा साहेबांनी नदी नसलेल्या गावात पूल बांधला आणि निलंबित झाला चपराशी. त्या पुलाच्या उद्घाटनाला टाळ्या कोणी पिटल्या, ते मी पाहिलं आहे. तुमच्याच शेजारच्या खुर्चीवर होतो मी.