पलीकडचा बत्तासा

वर्षातून एकदा पशुकल्याण निरीक्षक दारात उभे राहिले की वाळवणी गावातल्या सशांना वाचा फुटत असे, आणि तीही फक्त तक्रारीपुरती. निरीक्षक फाटकाबाहेर पडले की ससे पुन्हा गप्प होत. गावाला याचं काही वाटत नसे. ज्या सशाची तक्रार खरी ठरे, त्याला बिनतक्रारीच्या घरी ठेवत, आणि तिथं त्याची खरी तक्रार होईपर्यंत तो तिथंच राही.

असा रोहिणी शिंगटेचा बत्तासा गेल्या साली घरातून गेला. पिंजऱ्याच्या तळाची जाळी पायाला रुतते, असं त्यानं निरीक्षकांसमोर स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. जाळी रुततच होती, त्यामुळे रोहिणीला बोलायला जागा नव्हती. पण तो गेला कुठं, तर भिंतीपलीकडं, तिच्या थोरल्या जावेकडं. या इंदुअक्काच्या सशांनी आजवर एकदाही तक्रार केली नव्हती.

बत्तासा दूर कुठं गेला असता तर रोहिणीनं चार दिवस रडून घेतलं असतं. पण तो रोज डोळ्यांसमोर होता. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिची मान आपोआप भिंतीकडं वळे. पलीकडं अक्का लसूणघास निवडत बसलेली असे आणि बत्तासा तिच्या पदराखाली पाय ताणून पडलेला असे. तो चांगला गुबगुबीत झाला होता. रोहिणीकडं असताना त्याच्या बरगड्या हाताला लागायच्या.

"मेला माझ्या हातचं खायचा तेव्हा अंगाला लागलं नाही," ती नवऱ्याला म्हणायची.

"सुखात आहे ना? मग झालं तर," जयसिंग म्हणायचा. त्याला ससे आणि जावाजावा या दोन्हींतलं काही कळत नसे.

या साली तपासणीची दवंडी झाली तशी रोहिणी पदर खोचून उभी राहिली. जाळीवर लाकडी फळ्या ठोकल्या. खाली कोरडं गवत अंथरलं. कापूस, गुंडी आणि शेवरी या उरलेल्या तिघा सशांची नखं कापली, दात तपासले, कानांत डोकावून पाहिलं. उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट टांगलं. पण कापूसचा पंजा हातात धरून नखं कापतानाही तिची नजर भिंतीवरच होती.

तपासणीच्या सकाळी अक्का गिरणीत गेलेली पाहून रोहिणी पलीकडं शिरली. तिच्या मनात एकच होतं. बत्ताशाच्या पिंजऱ्यातलं पाणी ओतून द्यायचं. तहानलेला ससा तक्रार करणारच, आणि तक्रार केली की तो तिथून हलणार, अक्काचं नावही खराब होणारच. तिनं वाटी उचललीसुद्धा. तेवढ्यात बत्तासा पुढं आला आणि तिच्या बोटांना नाक लावून हुंगायला लागला. हुंगून झाल्यावर त्यानं पाठ फिरवली आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला. रोहिणीला ती पाठ फार लागली. पण वाटीतलं पाणी गढूळ दिसलं, तेव्हा तिनं ते बदलून ताजं भरलं आणि मुकाट्यानं घरी आली.

निरीक्षक पारगावकर ऊन चढायच्या आत आले. छत्री भिंतीला टेकवून त्यांनी पिंजऱ्यासमोर पाट मागितला.

"कापूस, तक्रार?"

"नाही," कापूस म्हणाला.

"गुंडी?"

"गवतात धूळ होती. पण ती शिंकेत गेली. तक्रार नाही."

रोहिणीच्या जिवात जीव आला. पारगावकर शेवरीकडं वळले. शेवरी बराच वेळ मिशा हलवत बसली.

"आहे," ती म्हणाली. "बाई आम्हाला चारा घालतात आणि बघतात पलीकडं. आम्ही खाल्लं की नाही, ते कधी बघत नाहीत. बत्तासा गेला तेव्हापासून इथं आमचं असणं नसणं सारखंच."

"हे खरं आहे?" पारगावकरांनी विचारलं.

रोहिणीनं मान डोलावली.

सगळे अक्काच्या अंगणात गेले. अक्का नुकतीच पिठाचा डबा घेऊन आली होती. तिच्या सशांनी ओळीनं तक्रार नाही म्हणून सांगितलं. बत्तासा तेवढा पुढं आला.

"अक्कांबद्दल काही नाही," तो म्हणाला. "पण भिंतीवरून एक बाई दिवसभर बघत असते. डोळा लागत नाही."

पारगावकर विचारात पडले. त्यांनी दोन्ही पिंजरे पुन्हा पाहिले, फळ्या दाबून पाहिल्या, पाण्यात बोट बुडवलं.

"दोन्हीकडं व्यवस्था चोख आहे," ते अखेर म्हणाले. "दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आणि दोन्ही एकाच बाईंमुळं उद्भवल्या आहेत. अशा वेळी सशांना हलवणं अन्यायाचं होईल. बाईंना हलवावं लागेल. पुढच्या तपासणीपर्यंत त्या थोरल्या जाऊबाईंकडं राहतील."

"तिला काय काय लागतं?" अक्कानं लगेच विचारलं.

"माणसाला लागतं तेच. आणि लक्ष."

"बरं," अक्का म्हणाली.

जयसिंगनं पिशवीत लुगडी भरून आणून दिली. त्यानं विरोध केला नाही, कारण निरीक्षकांचं बोलणं त्याला पटलं होतं.

दुपारी अक्कानं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. रोहिणीनं पहिली भाकरी संपवली तशी अक्कानं दुसरी वाढली.

"तुला सांगू?" अक्का म्हणाली. "मला तुझा लई राग यायचा. वर्षभर मी बत्ताशाला निवडून निवडून घास घातला. पण तुझ्या बांगड्या वाजल्या की ह्याचे कान तिकडं. माझ्या हाकेला कधी कान हलवला नाही मेल्यानं."

रोहिणी घास तोंडात धरून तिच्याकडं बघत राहिली. आपला हेवा कोणी करत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून जयसिंगचा आवाज आला. "शेवरे, ये गं माझी बाय. कुणी नाही तुला, मी हाय न्हवं?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा सूर रोहिणीच्या कानावर कधी पडला नव्हता. ती ताटावरून उठली आणि भिंतीपाशी गेली.

"गाजर चिरून घाला! अख्खं नका देऊ!"

"तू आता तिकडली," जयसिंग शांतपणे म्हणाला. "तिकडचं बघ."

रोहिणीनं हात धुतले आणि अक्काच्या पिंजऱ्यातल्या पाण्याच्या वाट्या भरायला घेतल्या.