चेहरा ओढणारे बापूसाहेब

बापूसाहेब शेवड्यांकडे एक फोटो काढायला गेलात, की दोन मिळत. एक तुम्ही सांगितलेला, दुसरा त्यांच्या मनाचा. त्या दुसऱ्यात अर्धा चेहरा जागच्या जागी असे आणि गालापासून पुढे नुसत्या रेघा. कान, कॉलर, टोपी, सगळं ताणून कागदाच्या कडेकडे नेलेलं.

ग्वाल्हेरात, दाना ओली नावाच्या गल्लीत, त्यांचा स्टुडिओ होता. पाटणकर बाजारातला एक मिठाईवाला आपला दुसरा फोटो बघून हबकलाच.

"साहब, आपने तो हमें निचोड़ दिया!"

"निचोड़ा नहीं, चलाया है," बापूसाहेब शांतपणे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माणूस खुर्चीवर बसलेला दिसतो, पण असतो जाऊन राहिलेला, सतत निघालेला. सीधा फोटो ही बात दाखवत नाही, वसंतराव."

ही बात मला पाठ झाली होती. एकदा मात्र तिने घात केला. तांब्यांच्या मुलीचा फोटो इंदूरला स्थळाकडे जायचा होता. बापूसाहेबांनी पाकिटांची अदलाबदल केली आणि गेला तो रेघांचा. आठ दिवसांनी उत्तर आलं, "मुलगी पसंत आहे, पण ती एवढ्या घाईने निघाली कुठे?" लग्न झालं. तांबे मात्र वर्षभर बोलले नाहीत, आणि बापूसाहेब वर्षभर सांगत फिरले की जमलं ते त्या फोटोमुळेच.

मग नवं राज्य झालं. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागून आमची सरकारी दफ्तरंही. बदलीच्या कागदांना फोटो लागे. बापूसाहेबांचा धंदा इतका कधी चालला नव्हता, आणि ते इतके चिडकेही कधी नव्हते. गिऱ्हाईक दारात दिसलं की कपाळाला आठी पडायची.

त्यांची बायको पूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी स्टुडिओत चहाला जमणारे आम्ही नऊ-दहा जण, हाच त्यांचा संसार. एकेक जण फोटो घेऊन जाऊ लागला. शेवटी चहाला मी एकटा उरलो. तरी ते आधण पूर्वीइतकंच ठेवत आणि आपण दोघांनीच संपवायचं म्हणून हट्ट धरत.

माझा बदलीचा हुकूम आला तेव्हा तो खिशात ठेवून मी आठ दिवस स्टुडिओत जात राहिलो. चार-चार कप चहा प्यायलो, पण सांगायची हिंमत होईना. मी गेलो तर ह्या माणसाशी संध्याकाळी बोलणार कोण? अखेर एका रविवारी दुपारी म्हणालो, "बापूसाहेब, माझा एक फोटो हवा होता."

कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. "बसा," एवढंच म्हणाले.

फोटो काढून झाल्यावर त्यांनी मला प्रथमच आत, अंधाऱ्या खोलीत नेलं. लाल दिव्याखाली कागद मांडला. आधी अर्ध्या कागदावर पुठ्ठा धरून माझा चेहरा छापला. मग दुसरा पुठ्ठा माझ्या हाती दिला. त्याला मधोमध एक बारीक फट होती. "ही फट बिलकुल गालावर धरा. मी कागद ओढतो. हात एका चालीने चालला पाहिजे, नाही तर रेघा बिघडतात, उजेड थांबला तिथे कागद काळा पडतो."

त्यांनी छापायच्या यंत्राचा दिवा लावला आणि कागद हळूहळू ओढायला घेतला. ओढताना ते पुटपुटत होते. मला वाटलं, आकडे मोजताहेत.

"गोडबोले… तांबे… नाना पेंढारकर… दोघे करमरकर…"

एका नावाला बोटभर कागद सरकत होता. भोपाळला गेले त्याच क्रमाने सगळे येत होते. "शिर्के," ते म्हणाले आणि हात थांबला. शिर्के मागच्याच महिन्यात गेले होते. कागद अजून बोटभर उरला होता.

"पुढचं नाव मी नाही घेणार," ते म्हणाले. "तुम्हीच घ्या."

मला माझं नाव घेता येईना. त्यांना समजवावं, येत राहीन म्हणावं, पण ते खोटं झालं असतं. मी फट धरून उभा राहिलो, ते कागद धरून. दिवा जळत होता. कितीतरी वेळाने त्यांनीच तो विझवला.

तो फोटो भोपाळच्या घरात लावला आहे. गालापासून रेघा निघतात, सरळ जातात, आणि कडेच्या बोटभर अलीकडे काळ्याकुट्ट होऊन थांबतात. पाहुणे विचारतात, इथे काय बिघडलं? मी सांगतो, कागद अडकला.

खरं म्हणजे बापूसाहेब मला सोडत नव्हते.