आमच्या घराण्यातले पुरुष किती जगतात?

पेन्शन फक्त सरकारी नोकरांनाच मिळते असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठवा! शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत साचे भरण्यात जवानी घालवलेला मी, दादासो, सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःची पेन्शन काढायला निघालो होतो. मालकाच्या नाकावर टिच्चून!

गल्लीतला विमा एजंट उदयसिंह समजावत होता, "दादा, दोन परकार हाईत. एकात तुमी हाय तंवर जादा पेन्शन, तुमच्या मागं काय बी न्हाय. दुसऱ्यात जरा कमी, पर तुमच्या मागं वैनींना मिळत ऱ्हाणार."

"जादाचीच दे की! मी काय लगेच जातोय व्हय?"

"तसं न्हवं. तुमच्या घराण्यात बापय माणसं किती जगत्यात?"

आता हे मला कुठं ठाऊक! वडील मी लहान असताना विहिरीच्या कामावर अपघातात गेले. आजोबांना तर मी पाहिलंही नाही. पण प्रश्न डोक्यात जो शिरला, तो निघेना. बायकोला काही न सांगता रविवारी एसटीनं थेट गडहिंग्लज गाठलं. तिथं माझी धोंडुबाई आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, राहते.

"आत्ती, आज्जा कितव्या वर्षी गेला गं?"

भाकरी थापणारा आत्तीचा हात थांबला. "का रं?"

"आपलं सहज. आन थोरला चुलता? तरास झाला का झोपंत गेला?"

आत्तीनं माझं तोंड निरखून पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. "लेकरा, आपल्यातलं समदं शंभरी गाठून गेल्यात! तू काय बी मनात आणू नगंस!" आणि ताटात वाटीभर तूप ओतलं.

शंभरी! परतीच्या एसटीत माझी छाती अशी फुगली, की शेजारचे पावणे अंग चोरून बसले. तिकडं आत्तीनं मात्र एसटीडी बूथ गाठून आमच्या शेजारी फोन लावला होता. "पोराला डाक्टरनं जवाब दिलाय वाटतं! नुसतं मरणाचं इचारत हुतं!"

घरी पोचलो, तर दारात चपलांचा ढीग! बायको, शालन, भिंतीला टेकून हुंदके देत होती. कुणी शहाळी आणली होती, कुणी अंगारा.

"अवो, मला एका शबदानं सांगितलं न्हाईसा!"

"अगं, काय सांगू? मला काय बी झालं न्हाय!"

"बघा, आजून लपिवत्यात!" असं म्हणून तिनं रडण्याचा आवाज वाढवला.

सकाळी पहिल्या गाडीनं आत्तीही हजर! शेवटी मी उदयसिंहला बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याच्याच तोंडून पेन्शनची हकिगत वदवून घेतली.

"म्हंजी तू ठणठणीत हाईस?" आत्तीनं विचारलं.

"व्हय की!"

पाठीत असा धपाटा बसला, की शहाळ्याचं पाणी नाकातून आलं!

"मुडद्या, आदी सांगायचं न्हाय व्हय! आजारी हाईस म्हून धीर द्याला शंभरी म्हटलं. आपल्यात बापय एक बी साठीफुडं सरकला न्हाय! तुमच्या बायका मातूर नव्वदीपातूर टुकटुकीत!"

माझी छाती कधीच जागेवर आली होती.

"उदयसिंह," मी घसा खाकरून म्हणालो, "दुसराच परकार लिव्ह."

शालननं डोळे पुसले, नाक पुसलं, केस सारखे केले आणि उदयसिंहकडं सरकून मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "भाऊजी, मग माजी कवापास्नं सुरू हुईल?"

अहो, मी तिच्या शेजारीच बसलो होतो. जिवंत!